धार्मिक घरात वाढलेल्या तरुण नास्तिकांसाठी: छळ आणि भेदभाव यांना तोंड कसे द्यावे

ज्या घरात, शाळेत आणि वस्तीत सगळ्यांचीच देवावर श्रद्धा आहे, तेथे सोळा-सतरा वर्षांच्या मुलाला किंवा मुलीला आपला विश्वास उरलेला नाही असे जाणवू लागते, तेव्हा प्रश्न केवळ विचारांचा राहत नाही. जेवण, निवारा, शिक्षणाचा खर्च, मोबाइल, ओळखीची कागदपत्रे आणि जिवाभावाची नाती हे सगळे ज्यांच्या हाती असते, त्यांच्याच श्रद्धेपासून ही व्यक्ती दूर गेलेली असते. मिळवत्या माणसाचे मतभेदामुळे फार तर काही संबंध तुटतात. परावलंबी तरुणाचे शिक्षण आणि निवारा दोन्ही पणाला लागू शकतात. म्हणून पुढील सर्व सूचनांच्या मुळाशी एकच भूमिका आहे. आपली अश्रद्धा जाहीर करण्याचा हक्क तुम्हाला आहे, पण ती जाहीर केलीच पाहिजे असे बंधन तुमच्यावर कोणाचेही नाही. केव्हा, कोणाला आणि किती सांगायचे हे तुम्हीच ठरवायचे आहे, आणि ते ठरवताना स्वतःची सुरक्षितता सर्वांत आधी पाहायची आहे. ती पाहण्यासाठी काही काळ गप्प राहिलात, तर त्याला कोणी भ्याडपणा म्हटले तरी मनावर घेऊ नका.

बोलण्यापूर्वी धोका जोखावा

सर्वप्रथम आपल्या देशाचा कायदा काय म्हणतो ते माहीत करून घ्यावे. काही देशांत धर्मत्याग किंवा ईशनिंदा हा आजही गुन्हा आहे आणि त्यांपैकी काहींच्या कायद्यात त्यासाठी देहदंडाची तरतूद आहे. इंडोनेशियात अलेक्झांडर आन या सरकारी कर्मचाऱ्याला देव नाही अशा आशयाचा मजकूर फेसबुकवर लिहिल्यानंतर जमावाने मारहाण केली आणि 2012 मध्ये अडीच वर्षांच्या कारावासाची शिक्षा त्यालाच झाली. सौदी अरेबियात रईफ बदावी यांना संकेतस्थळावरील लेखनासाठी 2014 मध्ये दहा वर्षांचा कारावास आणि एक हजार फटके अशी शिक्षा सुनावण्यात आली. पाकिस्तानातील मर्दान येथे 2017 मध्ये मशाल खान या विद्यार्थ्याला ईशनिंदेच्या आरोपावरून विद्यापीठाच्या आवारातच जमावाने ठार मारले. त्या आरोपाला पुरावा नसल्याचे पुढे तपासात निष्पन्न झाले. अशा ठिकाणी राहणाऱ्या तरुणाने नाव लावून काही लिहिण्याचा किंवा वर्गात वाद घालण्याचा मोह निश्चयाने टाळावा. जमाव पुरावा मागत नाही आणि त्याच्यासमोर खुलासा करण्याची संधीही मिळत नाही.

कायदा अनुकूल असला, तरी घर अनुकूल असेलच असे नाही. त्यासाठी आपल्या घरातील जुने प्रसंग आठवावेत. एखाद्या नातेवाइकाने धर्माबाहेर लग्न केले किंवा प्रार्थनेला जाणे सोडले, तेव्हा घरातील मोठी माणसे काय बोलली आणि त्यांनी प्रत्यक्षात काय केले? रागाच्या भरात बोलणारी आणि आठवड्याभराने निवळणारी माणसे वेगळी. हात उगारणारी, घराबाहेर काढणारी किंवा धर्मगुरूला बोलावून ‘उपाय’ करणारी माणसे वेगळी. ज्या घरात पूर्वी मारहाण झालेली आहे, त्या घरात आपल्या बाबतीत ती होणार नाही असे गृहीत धरू नये. त्याचबरोबर आपल्या हाताशी काय आहे याचाही हिशेब मांडावा: शिक्षणाची किती वर्षे बाकी आहेत, स्वतःच्या नावाचे बँक खाते आहे का, जन्मदाखला, ओळखपत्र, पारपत्र आणि गुणपत्रिका कोणाच्या ताब्यात आहेत, आणि अचानक बाहेर पडावे लागले तर चार रात्री कोणाकडे राहता येईल. यांपैकी बहुतेक उत्तरे प्रतिकूल असतील, तर थांबणे आणि तोवर शिक्षण व कमाईची बाजू भक्कम करणे हाच माझ्या मते शहाणपणाचा मार्ग आहे, मग त्यासाठी दोन-तीन वर्षे का लागेनात.

या काळात धार्मिक विधींना हजर राहावे लागते आणि अनेक तरुणांना तो स्वतःशी केलेला अप्रामाणिकपणा वाटतो. येथे आपली मर्यादा आपणच आखून घ्यावी. आजीच्या अंत्यविधीला कुटुंबासोबत शांतपणे उभे राहणे आणि स्वतः पुढे होऊन दीक्षा, शपथ किंवा श्रद्धेची जाहीर घोषणा करणे यांत मोठे अंतर आहे. पहिली गोष्ट माणसांच्या प्रेमापोटी करता येते. दुसरी टाळण्यासाठी ‘मी अजून तयार नाही’, ‘मला आणखी विचार करायचा आहे’ अशी खरी आणि तरीही सौम्य उत्तरे पुरेशी असतात. ज्याच्यावर सक्ती झाली आहे, त्याने ओठ हलवले म्हणून त्याचा विचार खोटा ठरत नाही.

सांगायचे ठरल्यावर

प्रथम एकाच व्यक्तीला सांगावे आणि ती व्यक्ती गुपित राखणारी असावी. ती समविचारी असण्याची गरज नाही. श्रद्धाळू पण मायाळू मावशी ही नास्तिक पण बोलघेवड्या मित्रापेक्षा अधिक भरवशाची ठरते. भावंडांना सांगताना विशेष विचार करावा, कारण लहान भावंडावर आईवडिलांपासून गुपित लपवण्याचा भार पडतो, आणि पुढे ‘तू त्यालाही बिघडवलेस’ हा आरोप तुमच्यावर येतो.

आईवडिलांशी बोलताना वेळ नीट निवडावी. सणाचा दिवस, घरातील आजारपण, नुकताच झालेला मृत्यू किंवा चालू भांडण हे प्रसंग वर्ज्य मानावेत. बोलणे थोडक्यात ठेवावे: मी बराच काळ विचार करत आहे, माझा देवावर विश्वास राहिलेला नाही, तुमच्यावरील प्रेम आणि तुमच्याकडून शिकलेला प्रामाणिकपणा माझ्यात तसाच आहे, आणि मी तुमच्या श्रद्धेचा अपमान करणार नाही. एवढे पुरे. धर्मग्रंथांतील विसंगती, विज्ञानाचे पुरावे, धर्माच्या नावाने झालेला हिंसाचार हे विषय त्या दिवशी काढू नयेत. आईवडिलांना त्या क्षणी वादविवाद ऐकू येत नसतो. आपले मूल आपल्यापासून तुटले, कदाचित परलोकातही आपल्याला ते भेटणार नाही, ही भीती त्यांच्या मनात दाटलेली असते. ती भीती तुम्हाला निराधार वाटत असली, तरी त्यांचे दुःख खरे असते. त्यांनी प्रश्न विचारले, तर ‘यावर आपण पुन्हा शांतपणे बोलू’ असे सांगून थांबता येते. पत्र लिहिल्यास शब्द नीट निवडता येतात, परंतु पत्र हातोहात फिरते आणि पुरावा म्हणूनही वापरले जाते, हे लक्षात ठेवावे. समाजमाध्यमांवरून घरच्यांना कळणे हा सर्वांत वाईट मार्ग आहे, कारण मग त्यांना तुमच्या मतासोबत नातेवाइकांपुढे झालेल्या नाचक्कीलाही तोंड द्यावे लागते.

दुःख कोठे संपते आणि छळ कोठे सुरू होतो

आईने रडणे, वडिलांनी काही दिवस अबोला धरणे, पुन्हा पुन्हा चर्चेला बसवणे, तुमच्यासाठी प्रार्थना करणे या गोष्टी त्रासदायक असतात, पण त्यांना छळ म्हणू नये; बहुतेक घरांत पहिली प्रतिक्रिया ही शेवटची प्रतिक्रिया नसते. मारहाण, कोंडून ठेवणे, उपाशी ठेवणे, कागदपत्रे काढून घेणे, शिक्षण बंद करण्याची धमकी, मित्रांशी संबंध तोडायला लावणे, ‘भूतबाधा’ उतरवण्यासाठी शारीरिक विधी करणे, लग्न लावून देणे किंवा धाक घालण्यासाठी दूरच्या निवासी धार्मिक संस्थेत पाठवणे हा मात्र छळ आहे, आणि तो प्रेमापोटी केला आहे असे सांगितल्याने त्याचे स्वरूप बदलत नाही. मुलींच्या बाबतीत हा धोका अधिक गंभीर असतो, कारण त्यांची अश्रद्धा आणि त्यांचे ‘चारित्र्य’ यांची सांगड घातली जाते आणि लग्न हाच उपाय म्हणून पुढे केला जातो.

मनोरुग्ण ठरवणे हाही छळाचाच एक प्रकार आहे. नायजेरियातील मुबारक बाला यांनी आपण नास्तिक असल्याचे सांगितल्यावर 2014 मध्ये त्यांच्या कुटुंबाने त्यांना मनोरुग्णालयात डांबले होते. पुढे 2020 मध्ये त्यांना अटक झाली आणि 2022 मध्ये फेसबुकवरील मजकुरासाठी चोवीस वर्षांची शिक्षा सुनावण्यात आली. अपिलात ती कमी झाली आणि 2025 च्या सुरुवातीला ते सुटले. देवावर विश्वास नसणे हा आजार नाही. घरच्यांनी डॉक्टरांकडे नेलेच, तर डॉक्टरांशी एकट्याने बोलण्याची मागणी करावी आणि आपल्याला का आणले गेले आहे ते शांत व स्पष्ट शब्दांत सांगावे.

परदेशी नेऊन सक्तीने लग्न लावले जाण्याची शंका असेल, तर प्रवासाला निघण्यापूर्वीच विश्वासू व्यक्तीला परतीची तारीख, पत्ता आणि पारपत्राची प्रत द्यावी. ब्रिटनमध्ये सक्तीच्या विवाहांविरुद्ध काम करणाऱ्या ‘कर्म निर्वाण’ या संस्थेने मुलींना सुचवलेली एक युक्ती बरीच चर्चेत आली होती: विमानतळावर जाताना अंतर्वस्त्रात धातूचा चमचा लपवावा, म्हणजे तपासणीच्या वेळी यंत्र वाजते, मुलीला बाजूला नेले जाते आणि घरच्यांच्या नजरेआड अधिकाऱ्यांना सत्य सांगता येते. त्याच देशात 2014 पासून इंग्लंड आणि वेल्समध्ये विवाहाची सक्ती हा फौजदारी गुन्हा आहे.

नोंदी आणि मोबाइल

छळाची तक्रार पुढे कधी करायची की नाही हे ठरलेले नसले, तरी नोंदी ठेवण्यास पहिल्या दिवसापासून सुरुवात करावी. तारीख, वेळ, ठिकाण, कोण काय बोलले, कोण हजर होते आणि इजा झाली असल्यास तिचे छायाचित्र एवढे त्याच दिवशी लिहून ठेवावे. आठवणीतून सहा महिन्यांनी लिहिलेल्या हकिकतीपेक्षा त्या दिवशीच्या चार ओळींना अधिक वजन असते. धमकीचे संदेश पुसून टाकू नयेत, त्यांचे स्क्रीनशॉट घ्यावेत. या नोंदी घरात ठेवणे धोक्याचे असल्यास त्या विश्वासू व्यक्तीकडे किंवा स्वतंत्र ईमेल खात्यात ठेवाव्यात. संभाषण ध्वनिमुद्रित करण्याबाबतचे कायदे देशोदेशी वेगळे असल्याने त्याबाबत आधी चौकशी करावी.

स्वतंत्र ईमेल खाते म्हणजे खरोखरच स्वतंत्र असावे. अनेकांचे खाते पालकांच्या मोबाइल क्रमांकाशी जोडलेले असते आणि पासवर्ड बदलला की सूचना थेट त्यांच्याकडे जाते. काहींची छायाचित्रे आपोआप कुटुंबाच्या सामाईक खात्यात साठतात. टोपणनावाने उघडलेले खातेही संपर्क यादीतील नातेवाइकांना ‘ओळखीची व्यक्ती’ म्हणून दाखवले जाऊ शकते. म्हणून टोपणनावाचे खाते उघडताना संपर्क यादी वापरण्याची परवानगी देऊ नये, आपल्या खऱ्या खात्यावरील छायाचित्र तेथे लावू नये आणि गावाचे, महाविद्यालयाचे किंवा घरातील प्रसंगांचे तपशील लिहू नयेत. फोन कोणीही हातात घेत असेल, तर असे वाचन ग्रंथालयातील संगणकावर केलेले बरे.

समविचारी गटांत सामील होताना एक सावधगिरी आवश्यक आहे. एकट्या पडलेल्या तरुणाला आपलेपणा देणारा प्रत्येक जण हितचिंतक असतोच असे नाही. तुमच्या धाडसाचे कौतुक करून तुम्हाला उघडपणे बोलण्यास भाग पाडणारे, तुमची कहाणी नावानिशी छापू पाहणारे किंवा एकांतात भेटण्याचा आग्रह धरणारे वयस्क लोक आढळल्यास दूर व्हावे. परिणाम तुम्हाला भोगावे लागणार असतात, त्यांना नाही.

शाळा, महाविद्यालय आणि कायद्याचा आधार

शिक्षणसंस्थेतील भेदभाव बहुधा लहान गोष्टींतून दिसतो: सक्तीची प्रार्थना, शिक्षकांनी वर्गासमोर केलेली टिंगल, मित्रांच्या पालकांनी घातलेली बंदी, नेतृत्वाच्या जागांवरून वगळणे. येथे पहिले पाऊल म्हणजे संस्थेचे नियम मिळवून वाचणे आणि दुसरे म्हणजे लेखी विचारणा करणे. तोंडी तक्रार विरून जाते. तारखेसह दिलेल्या आणि पोच घेतलेल्या अर्जाला उत्तर द्यावे लागते. अर्जात धर्माविषयीची मते मांडू नयेत, कोणता प्रसंग घडला आणि कोणता बदल हवा आहे एवढेच लिहावे.

नियम सर्वत्र सारखे नाहीत. भारतीय संविधानाच्या अनुच्छेद 28(3) नुसार राज्याची मान्यता किंवा अनुदान असलेल्या संस्थेत कोणालाही संमतीशिवाय धार्मिक शिक्षणात किंवा उपासनेत भाग घ्यायला लावता येत नाही, मात्र विद्यार्थी अल्पवयीन असेल तर ती संमती पालकाची असते. इंग्लंडमध्येही सामूहिक उपासनेतून मुलाला वगळण्याची विनंती पालक करू शकतात आणि शेवटच्या दोन वर्षांतील विद्यार्थ्यांना तो निर्णय स्वतः घेता येतो. म्हणजेच अठरा वर्षांखालील ज्या मुलाचा घरच्यांशीच मतभेद आहे, त्याला या तरतुदींचा आधार अनेकदा अपुरा पडतो. अशा वेळी वर्गातील प्रार्थना शांतपणे उभे राहून संपू द्यावी आणि आपली शक्ती अपमान व मारहाण यांसारख्या गोष्टींविरुद्ध राखून ठेवावी, असे मी सुचवेन.

आंतरराष्ट्रीय पातळीवरील आधार मात्र स्पष्ट आहे. मानवी हक्कांच्या 1948 च्या जाहीरनाम्यातील अनुच्छेद 18 विचार, सदसद्विवेक आणि धर्म यांच्या स्वातंत्र्याबरोबर धर्म बदलण्याचे स्वातंत्र्यही मान्य करतो. नागरी आणि राजकीय हक्कांच्या करारातील त्याच क्रमांकाच्या अनुच्छेदाचा अर्थ लावताना संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क समितीने 1993 मध्ये स्पष्ट केले, की या संरक्षणात नास्तिक मते आणि कोणताही धर्म न मानण्याचा हक्क यांचाही समावेश होतो. बालहक्कांच्या 1989 च्या करारातील अनुच्छेद 14 हे स्वातंत्र्य मुलांनाही देतो आणि पालकांचे मार्गदर्शन मुलाच्या वाढत्या समजेशी सुसंगत असावे, अशी अपेक्षा ठेवतो.

या लढ्यातील एक गोष्ट तरुण नास्तिकांनी जरूर ध्यानात घ्यावी. शाळेतील मुलांना ध्वजवंदनाची सक्ती करता येणार नाही हा अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचा 1943 चा निकाल जेहोवाज विटनेसेस या श्रद्धाळू पंथाच्या कुटुंबांनी मिळवला होता. युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने 1993 मध्ये ग्रीसविरुद्धच्या कोक्किनाकिस खटल्यात विचारस्वातंत्र्य हे नास्तिक, अज्ञेयवादी, संशयवादी आणि धर्माबाबत उदासीन लोकांसाठीही मोलाचे आहे असे म्हटले, आणि तो खटला लढवणारा माणूसही त्याच पंथाचा होता. म्हणून आपल्या वर्गातील अल्पसंख्य धर्माचा विद्यार्थी हा तुमचा स्वाभाविक सहकारी असू शकतो. सक्तीविरुद्धचा अर्ज दोघांनी मिळून दिल्यास तो धर्माविरुद्धचा हल्ला वाटत नाही.

न्यायालयात जिंकल्याने त्रास थांबतोच असेही नाही. अमेरिकेतील क्रॅन्स्टन येथील जेसिका अलक्विस्ट या विद्यार्थिनीने शाळेच्या भिंतीवरील प्रार्थनेच्या फलकाविरुद्ध दावा केला आणि जानेवारी 2012 मध्ये, ती सोळा वर्षांची असताना, निकाल तिच्या बाजूने लागला. त्यानंतर तिला धमक्या आल्या, शाळेत पोलीस संरक्षणात जावे लागले, राज्याच्या एका लोकप्रतिनिधीने रेडिओवर तिला दुष्ट म्हटले आणि तिला आलेली फुले पोहोचवण्यास गावातील फुलविक्रेत्यांनी नकार दिला. तिचे वडील तिच्या पाठीशी उभे होते. घरातील एकही मोठे माणूस पाठीशी नसताना असा जाहीर लढा सुरू करू नये.

घर सोडण्याची वेळ आल्यास

जिवाला धोका असेल तर थांबू नये. पोलीस, बालसंरक्षण यंत्रणा किंवा कौटुंबिक हिंसाचारविरोधी मदत क्रमांक यांच्याशी लगेच संपर्क साधावा आणि तेथे धर्माचा वाद न सांगता हिंसा झाली आहे हे सांगावे, कारण यंत्रणा हिंसेवर कारवाई करते. धोका तातडीचा नसेल, तर तयारी शांतपणे करावी: कागदपत्रांच्या प्रती, नेहमीची औषधे, थोडे पैसे, महत्त्वाचे क्रमांक कागदावर लिहिलेले. निघण्याची धमकी देऊन निघू नये, कारण पहारा धमकीनंतरच बसतो.

देशच सोडावा लागेल अशी परिस्थिती असल्यास 1951 च्या निर्वासितविषयक करारातील धर्माच्या कारणाने होणाऱ्या छळात अश्रद्धेमुळे होणारा छळही धरला जातो. ब्रिटनने जानेवारी 2014 मध्ये एका अफगाण तरुणाला नास्तिक असल्याच्या आधारावर आश्रय दिला. सौदी अरेबियातील अठरा वर्षांच्या रहाफ मोहम्मद हिने 2019 मध्ये बँकॉकच्या विमानतळावरील हॉटेलच्या खोलीत स्वतःला कोंडून घेऊन जगाचे लक्ष वेधले आणि तिला कॅनडाने आश्रय दिला. अशी प्रकरणे आशा देतात, परंतु बहुतेकांचा हा प्रवास दीर्घ आणि अनिश्चित असतो, आणि आधीच्या कोणत्याही नोंदी नसतील तर आपली अश्रद्धा सिद्ध करणेही कठीण जाते. वकिलाच्या किंवा निर्वासितांसाठी काम करणाऱ्या संस्थेच्या सल्ल्याशिवाय हे पाऊल उचलू नये.

मनावरील भार

विश्वास गेला तरी भीती लगेच जात नाही. लहानपणी ऐकलेल्या नरकाच्या वर्णनांनी रात्री दचकून जागे होणे, काही वाईट घडले की ही आपल्याला झालेली शिक्षा तर नाही ना असे वाटणे, आणि आईवडिलांचा विश्वासघात केल्याची टोचणी हे अनुभव अनेकांना येतात. त्यावरून आपली अश्रद्धा खोटी आहे असा निष्कर्ष काढू नये. समुपदेशकाकडे जाताना पहिल्याच भेटीत विचारावे, की माझी अश्रद्धा हा दोष न मानता तुम्ही मला मदत कराल का, आणि माझे बोलणे घरी कळवाल का. उत्तर टाळले गेल्यास दुसरा समुपदेशक शोधावा. धर्म सोडणाऱ्यांशी बोलण्यासाठी अमेरिकेत ‘रिकव्हरिंग फ्रॉम रिलिजन’ आणि ब्रिटनमध्ये ‘फेथ टू फेथलेस’ यांसारखे आधारगट आहेत. स्वतःला संपवण्याचे विचार येत असतील, तर त्याच दिवशी आत्महत्या प्रतिबंधक मदत क्रमांकाशी किंवा रुग्णालयाशी संपर्क साधावा; त्या क्षणी कोण श्रद्धाळू आणि कोण नास्तिक हे न पाहता जवळ असलेल्या माणसाला सांगावे.

ज्यांच्याकडे एखादा विद्यार्थी किंवा भाचा हे गुपित घेऊन येतो, त्या मोठ्यांसाठी शेवटची सूचना. त्याच्या परवानगीवाचून त्याच्या आईवडिलांना कळवू नये, ‘हे वयच तसे असते’ म्हणून त्याचे म्हणणे उडवून लावू नये आणि स्वतः नास्तिक असल्यास त्याला घाईने धीट करू नये. घरी सुरक्षित आहेस का, असे आधी विचारावे. उत्तर नाही असे आले, किंवा तो गप्प राहिला, तर तो रात्री-अपरात्री फोन करू शकेल असा आपला क्रमांक त्याला द्यावा आणि मारहाणीची शंका असल्यास, त्याला विश्वासात घेऊन, बालसंरक्षण यंत्रणेला कळवावे.